रस्त्यावर गुन्हा, मैदानात खेळ : घरी तयार केलेली गाडी स्प्रिंट शर्यतीत उतरवायची तर?

डिजिटल डेस्क, नांदेड-लातूर

आमच्या डेस्कच्या व्हॉट्सॲपवर आठवड्यातून एखादा तरी असा व्हिडिओ येतोच. रात्रीची वेळ, शहराबाहेरचा बायपास, स्प्रिंग कापून खाली बसवलेली जुनी मारुती, शेजारी दुसरी गाडी आणि दोघांच्या मध्ये उभा राहून हात खाली करणारा एक मुलगा. पंधरा-वीस सेकंदांत सगळे संपते. ‘थरारक’ असा मथळा देऊन आम्ही तो चालवावा, अशी पाठवणाऱ्याची अपेक्षा असते. आम्ही चालवत नाही. मागच्या वेळी मात्र लातूरच्या एका तरुणाने व्हिडिओसोबत प्रश्नही पाठवला. हेच कायदेशीरपणे करायचे असेल तर आपल्याकडच्या मुलाने जायचे कुठे आणि गाडीत नेमके काय बदलायचे, असे त्याला विचारायचे होते.

प्रश्न रास्त आहे. अभियांत्रिकीची चार वर्षे मीही वेल्डिंगच्या धुरात काढली आहेत, त्यामुळे तो ‘वाचून सोडून द्या’ या खात्यात टाकता आला नाही.

स्प्रिंट म्हणजे नेमके काय?

अंतर थोडे, गाडी एका वेळी एकच आणि प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. सुरुवातीला एक सेन्सर, शेवटी एक सेन्सर. मधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचा. दोन-तीन फेऱ्या मिळतात, त्यातली सर्वात चांगली धरतात. ओव्हरटेक नाही, गाडीला गाडी घासणे नाही. म्हणूनच हौशी माणसासाठी मोटरस्पोर्टचा हा सर्वात स्वस्त आणि तुलनेने सुरक्षित प्रकार मानला जातो. ब्रिटनमध्ये तो स्प्रिंट याच नावाने अनेक दशके चालतो. आपल्याकडे त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस : मातीच्या किंवा डांबराच्या मैदानावर आखलेला वळणांचा छोटा मार्ग आणि एकेक गाडी.

ड्रॅग रेस वेगळी. तिथे दोन गाड्या शेजारी उभ्या असतात, रस्ता सरळ असतो आणि अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. त्यात एक गंमत आहे. गाडी हलली की तिचे घड्याळ सुरू होते, पण जिंकतो तो आधी पोहोचणारा. त्यामुळे हिरवा दिवा लागल्यावर डुलकी घेतलेला चालक चांगली वेळ देऊनही हरू शकतो.

मराठवाड्याला हे नवे वाटायचे कारण नाही. नांदेडच्या विदर्भाकडच्या टोकाला आणि पुढे यवतमाळमध्ये शंकरपट भरतो. तिथेही अंतर थोडे, पट्टी सरळ आणि निकाल सेकंदाच्या बारीक भागावर लागतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आज परवानगीचा अर्ज, पशुवैद्यकीय तपासणी आणि नियम पाळून या शर्यती होतात. नियमांच्या चौकटीत वेगाचा खेळ बसू शकतो, हे आपण बैलांच्या बाबतीत पाहिले आहे. गाड्यांच्या बाबतीत मात्र मुले अजून बायपासवरच आहेत.

बायपासवर धावलात तर काय?

मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ थेट याच विषयावर आहे. सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शर्यत होऊ देणाराही यात येतो, फक्त चालवणारा नाही. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द.

विम्याचेही ऐका. आपल्याकडच्या वाहन विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि शर्यत, वेगचाचणी त्यातून वगळलेली असते. पॉलिसीचा कागद काढून ती ओळ एकदा शोधा.

पण मला कलमांपेक्षा साधे गणित जास्त भीतीदायक वाटते. जुनी मारुती ८०० पाव मैलाच्या शेवटी ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे सेकंदाला २९ मीटर. ब्रेक उत्तम, रस्ता कोरडा आणि चालक जागा असला तरी समोर काही दिसल्यापासून थांबेपर्यंत ९० मीटर सहज जातात. खाली पाडलेला हेडलाइट ५० मीटरच्या आसपास उजेड देतो. आता गाळप हंगामातला लातूर किंवा नांदेडचा कोणताही रस्ता आठवा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली. उरलेले ४० मीटर कुठून आणायचे?

मग गाडीत बदल करणेच बेकायदा आहे का?

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत, बहुतांशी हो. कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. कर्णकर्कश सायलेन्सरसाठी कलम १९०(२) वेगळे आहेच. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातली छोटी जीप आठवते? एका कारागिराने भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी ती गाडी २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमात बसत नसल्याने यंत्रणा कधी ना कधी अडवणार, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. आपण सगळ्यांनी ती गोड बातमी म्हणून वाचली. त्यातला नियमांचा भाग फार कुणी वाचला नाही.

थोडक्यात, शर्यतीची गाडी आणि कॉलेजला न्यायची गाडी एकच असू शकत नाही. शर्यतीसाठी बदललेली गाडी मैदानापर्यंत टेम्पोत किंवा ट्रेलरवर न्यायची. हा खर्च नको म्हणून अनेक जण ‘थोडेसेच’ बदल करतात आणि मग ती गाडी ना धड रस्त्याची राहते, ना धड शर्यतीची.

पिकअप येतो कुठून?

गॅरेजमध्ये हा प्रश्न विचारला की बोट सायलेन्सरकडे किंवा एअर फिल्टरकडे जाते. कागद-पेन घेतले तर बोट दुसरीकडेच वळते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चे उदाहरण घेऊ. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास, वजन सुमारे ६५० किलो. चालक धरून ७२० किलो. पाव मैलाच्या वेळेचा अंदाज देणारे एक जुने ढोबळ सूत्र आहे. त्यात वजनाला ताकदीने भागून घनमूळ काढतात आणि एका स्थिरांकाने गुणतात. या गाडीचे उत्तर येते सुमारे २०.४ सेकंद. आता इंजिनला हातही न लावता मागची सीट, गालिचे, स्टेपनी, जॅक, दारांचे आतले पत्रे असे ७० किलो उतरवा. उत्तर येते १९.७. हीच सुधारणा इंजिनमधून काढायची तर सुमारे चार अश्वशक्ती वाढवाव्या लागतील. ८०० च्या इंजिनातून चार अश्वशक्ती प्रामाणिकपणे काढणे म्हणजे हेड उतरवणे, पोर्ट घासणे, कार्ब्युरेटरचे जेट बदलणे आणि वर नशीब.

त्या घनमुळाचा आणखी एक धडा आहे. ताकद दुप्पट केली तरी वेळ निम्मी होत नाही, फक्त पाचव्या हिश्शाने कमी होते. २०.४ चे १६.२. दुप्पट ताकदीचा खर्च मात्र दुप्पट नसतो, कितीतरी पट असतो. जुन्या झेनमध्ये एस्टीमचे १.३ लिटरचे इंजिन बसवणे हा भारतीय हौशी लोकांचा लाडका उद्योग आहे. तो चालतोही. पण मग गिअरबॉक्स, क्लच प्लेट, ड्राइव्ह शाफ्ट, रेडिएटर आणि ब्रेक एकेक करून हात वर करू लागतात.

शिवाय या सगळ्या गाड्यांची पुढची चाके ओढतात. जोरात निघताना गाडीचे वजन मागे सरकते आणि नेमक्या ओढणाऱ्या चाकांवरचा दाब कमी होतो. टायर जागेवर फिरतो, धूर निघतो, व्हिडिओ छान येतो आणि वेळ वाया जाते. स्प्रिंटमध्ये पहिले वीस मीटर नीट काढणारा चालक दहा अश्वशक्ती जास्त असलेल्याला मागे टाकू शकतो. हे शिकायला पैसे लागत नाहीत. मोकळी जागा लागते.

तर मग पैसे आधी कुठे घालायचे?

ब्रेक आणि टायर. हे मी महागात शिकलो.

आमच्या कॉलेजची टीम विद्यार्थ्यांच्या ऑल-टेरेन गाड्यांच्या स्पर्धेत उतरली होती. सगळ्यांना इंजिन एकच, त्याला हात लावायचा नाही. आम्ही दोन महिने गिअरच्या गुणोत्तरांवर वाद घातले. तांत्रिक तपासणीत ब्रेकची चाचणी असते : वेग घ्यायचा, पेडल दाबायचे, चारही चाके एकदम जाम झाली पाहिजेत. आमची तीनच झाली. पाइपातली हवा काढली, पुन्हा तीन. ब्रेक ऑइल बदलले, पुन्हा तीन. रात्री अकराला लक्षात आले की दोष ब्रेकमध्ये नव्हताच. पेडल ज्या पट्टीवर बसवले होते, ती पट्टी जोर दिला की वाकत होती. पायाचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जात होता. ती पट्टी मीच काढली होती, ड्रॉइंगवर माझीच सही होती. दोन मिलिमीटर जाडीची, वजन वाचवायचे म्हणून. सकाळी दुसऱ्या एका टीमकडून जाड पट्टी मागून आणली आणि वेल्ड केली, पण तोवर आमच्या फेऱ्या गेल्या होत्या.

ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढतो, पण ब्रेकला गिळायची ऊर्जा ५६ टक्के वाढते. म्हणून इंजिनचे काम करण्याआधी डिस्क, पॅड, मागचे शू, रबरी होज आणि ब्रेक ऑइल नवे करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि तापले की उकळते. मग पेडल थेट तळाला जाते.

टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसत असली तरी जुने रबर कडक झालेले असते आणि त्याची पकड गेलेली असते. सेकंडहँड रुंद टायर घेताना नक्षी सगळेच पाहतात, हे आकडे कुणीच पाहत नाही.

आणि स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग आखूड होते, कडक होते, पण शॉकअप जुन्याच मापाचा राहतो. खड्ड्यात गाडी तळाला आपटते, उसळली तर स्प्रिंग जागा सोडू शकते. खाली बसलेली गाडी वेगवान दिसते, एवढेच.

पिंजरा कशाचा?

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर टप चालकाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा. इथे आपल्याकडच्या कौशल्याची खरी परीक्षा आहे. लातूर-नांदेडच्या एमआयडीसीत ट्रॉली आणि शेतीची अवजारे बनवणारे वेल्डर पाइप उत्तम जोडतात, पण पाइप कोणता हा प्रश्न आधी येतो. जागतिक संघटना एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीसाठी बिनजोड, थंड ओढकाम केलेली पोलादी नळी लागते : ४५ मिलिमीटर व्यासाला अडीच मिलिमीटर जाडी किंवा ५० ला दोन. गेट आणि ग्रिलला वापरतात तो शिवण असलेला पाइप दिसायला तसाच असतो. धक्का बसला की शिवणीवर फाटू शकतो. पाण्याच्या जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो वेल्ड करताना विषारी धूर सोडतो आणि जोडही कच्चा ठेवतो.

पिंजरा घातला की त्यासोबत हेल्मेट आणि शर्यतीचे पट्टे आलेच. डोके उघडे ठेवून पिंजऱ्यात बसणे हे पिंजरा नसण्यापेक्षा वाईट असू शकते, कारण साध्या धक्क्यातही डोके नळीवर आपटते. रस्त्यावरच्या गाडीत ‘लूक’साठी पिंजरा बसवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. अग्निशामक, बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा स्विच आणि ओढायचा हूक यांशिवाय तपासनीस गाडी मैदानात सोडत नाहीत.

इथेनॉल आणि जुने इंजिन

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच भागातल्या उसाचे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते. नव्या गाडीचा ईसीयू हे काही प्रमाणात सांभाळून घेतो, कार्ब्युरेटर सांभाळत नाही. जुन्या जेटवर इंजिन कोरडे चालते आणि पूर्ण ताकदीवर जास्त तापते. जेट एक माप मोठा करावा लागतो आणि इंधनाचे जुने रबरी पाइप बदलावे लागतात. दुसरी बाजूही आहे : इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते, नॉकिंग कमी होते. जगभरातले ड्रॅगवाले इथेनॉल मुद्दाम वापरतात ते यासाठीच.

सुधारणा झाली हे कळणार कसे?

मोबाइलच्या स्टॉपवॉचवर नाही. बोटाची चूक पाव सेकंदाची असते आणि ७० किलो उतरवून मिळाला होता पाऊण सेकंद. फोनचे जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा नोंदवते. तेवढ्यात गाडी २९ मीटर पुढे गेलेली असते. दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि एक आर्डुइनो बोर्ड यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी चांगले घड्याळ बनवू शकतो. एका वेळी एकच बदल करा, किमान तीन फेऱ्या मोजा, वहीत तारीख, तापमान आणि टायरची हवा लिहा. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ असते. त्याच गाडीची जानेवारीतली सकाळची वेळ काहीही न बदलता चांगली येते आणि श्रेय नव्या फिल्टरला जाते.

आपल्याकडून वाट कुठे?

भारतात मोटरस्पोर्टची मान्यता एफएमएससीआय देते. स्पर्धेसाठी तिचा परवाना आणि वैद्यकीय दाखला लागतो. पक्के ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. लातूरहून चेन्नई आठशे किलोमीटरच्या पुढे, कोइम्बतूर हजाराच्या पुढे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. ती लातूरहून सुमारे ४०० किलोमीटर. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्ट ट्रॅक आहे. गाडी बांधण्याआधी चालवायला शिकायचे असेल तर मी आधी तिथे जाईन. विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून सुरू असलेली बाहा एसएई इंडिया आणि कोइम्बतूरला होणारी फॉर्म्युला भारत आहेत. दुसरीत तर ७५ मीटरची स्वतंत्र अॅक्सिलरेशन चाचणी असते.

‘करी’ हे नाव का, तेही सांगतो. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मारुतीचे इंजिन वापरून एक आसनी, स्वस्त शर्यतीची गाडी बनवली, ती फॉर्म्युला मारुती. आपण भंगारात काढतो तेच इंजिन. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीच्या काळात हीच गाडी चालवत होता. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्याच काळापर्यंत दक्षिणेतल्या शर्यती चेन्नईजवळ शोलावरमच्या महायुद्धकाळातल्या धावपट्टीवर होत. ट्रॅक नव्हता तेव्हा त्यांनी धावपट्टी शोधली.

धावपट्टीचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच लातूरच्या विमानतळाकडे बोट जाते. मला ते फार व्यवहार्य वाटत नाही. विमानतळ म्हटले की चालवणारी कंपनी, हवाई वाहतूक महासंचालनालय, पोलीस, अशी परवानग्यांची रांग लागते आणि टायरचा एक तुकडा पट्टीवर राहिला तरी पुढच्या विमानाला धोका. त्यापेक्षा मुरमाड माळ बरा. काळ्या मातीच्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, ते चालणार नाही. पण पाच-सात एकरांचा कुंपण घातलेला मुरमाचा माळ, त्यावर शंकूंनी आखलेला किलोमीटरभर वळणांचा मार्ग, एका वेळी एक गाडी, प्रेक्षक एकाच बाजूला आणि तेही बांधाच्या मागे, दारात रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी. ऑटोक्रॉसला एवढेच लागते.

आणि कलम १८९ पुन्हा एकदा नीट वाचा. त्यात बंदी आहे ती ‘राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय’ होणाऱ्या शर्यतीवर. म्हणजे मागण्याची सोय कायद्यातच आहे. मान्यताप्राप्त क्लब, विमा आणि सुरक्षेचा आराखडा घेऊन लेखी अर्ज करणे हे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा मोटार मेकॅनिकांच्या संघटनेला अवघड नाही. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला तर शिक्षणाचा पॅटर्नच आहे. वेल्डर आहेत, लेथ आहेत, ८०० तर प्रत्येक भंगाराच्या दुकानात आहे.

प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला हे सगळे फोनवर सांगितले. पिंजरा, सूत्र, परवाना त्याने शांतपणे ऐकून घेतले. त्याच्या गाडीला मागच्या महिन्यात बाराशे रुपयांचा नवा एअर फिल्टर बसला आहे. टायरवरचे चार आकडे वाचून कळवायला सांगितले होते. रात्री फोटो आला. टॉर्चच्या उजेडात, चिखल पुसून काढलेला : १४१५. म्हणजे २०१५ सालचा चौदावा आठवडा.